भाऊसो कांबळ्यांचं निकोप पोट

क्रांतीचे हात बर्फासारखे गार असतात, हे भाऊसो कांबळ्यांना पहिल्यांदा कळलं ते स्वतःच्या उघड्या पोटावर. इतकी वर्षं लेकीच्या त्या हातांनी त्यांना चहा दिला, चष्मा शोधून दिला, पावसात भिजलेली छत्री झटकून दिली. पण कपाच्या कानातून हाताचा गारठा कळत नाही. पोटावर कळतो. भाऊसो दिवाणावर उताणे पडल्या पडल्या चार बोटं वर उडाले.

"आण्णा, पोट ढिलं सोडा."

"सोडलंय की."

"हे सोडलेलं नाही. हा दगड आहे."

साल दोन हजार तीन, जुलैतला रविवार, सकाळचे दहा. पाटबंधारे खात्यातले वरिष्ठ लिपिक भाऊसो कांबळे बनियन छातीपर्यंत गुंडाळून, गुडघे दुमडून, बाहेरच्या खोलीत पडले होते. त्यांच्या उजव्या अंगाला स्टुलावर बसलेली मुलगी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि उन्हाळ्याच्या परीक्षेत नापास झाली होती. बाकीचे सगळे विषय सुटले होते. अडली ती मेडिसिनच्या प्रॅक्टिकलला, एका म्हाताऱ्याच्या पोटापाशी. परीक्षकांनी विचारलं, पांथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागते का. क्रांती म्हणाली, नाही लागत. परीक्षकांनी तिचा हात धरून म्हाताऱ्याच्या बेंबीखाली नेला, तर तिथं पांथरीची कड होती, भाकरीच्या कडेसारखी स्पष्ट. पांथरी एवढी वाढलेली की क्रांतीनं बरगडीखाली चाचपायला सुरुवात केली तेव्हा तिचा हात पांथरीच्या अंगावरच होता. "गावाच्या मधोमध उभं राहून वेस शोधत होतीस," असं परीक्षक म्हणाले, आणि वर म्हणाले, "हातही गार आहेत तुझे."

त्यानंतर दोन महिने पोरगी धड जेवली नव्हती. सगळ्या गल्लीला जिच्या डॉक्टर होण्याची वाट बघायची सवय लागली होती ती म्हणायला लागली, मी रक्त-लघवी तपासायचा कोर्स करते, त्यात माणसाला हात लावावा लागत नाही.

भाऊसोंना हे झेपलं नाही. त्यांच्या मते जगातल्या कुठल्याही अडचणीवर दोनच उपाय होते, एक अर्ज आणि दुसरा सराव. हिवाळ्याच्या परीक्षेचा अर्ज भरून झाला होता. राहिला सराव. "टायपिंगला मी तीनदा नापास झालतो," ते म्हणाले. "मशीन घरी आणलं तवा सुटलो. आता पोट काय भाड्यानं आणाय नगं, घरचंच हाय."

घरचं पोट तसं प्रशस्त होतं. सव्वीस वर्षांची खुर्ची आणि दर रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा त्यात मुरलेला होता. पण त्या पोटाला गुदगुल्या होत, ही गोष्ट लग्नानंतर फक्त त्यांच्या बायकोला, शालनला, ठाऊक होती. क्रांतीची बोटं डाव्या बरगडीकडे सरकली आणि खात्यातला हा गंभीर माणूस खिदळायला लागला. शालनबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका. कोपऱ्यात वह्या तपासत बसल्या होत्या. त्यांनी लाल पेन न उचलता सांगितलं, "परीक्षेतला पेशंट हसत न्हाय. गप पडा."

तासाभरानं क्रांतीनं वहीत निष्कर्ष लिहिला. भाऊसोंनी चष्मा लावून वही मागून घेतली. आपल्या पोटावर निदान अर्धं पान तरी असेल अशी त्यांची अपेक्षा होती. तिथं तीन इंग्रजी अक्षरं होती. एन.ए.डी.

"म्हंजे काय?"

"नथिंग ॲबनॉर्मल डिटेक्टेड. विशेष काही नाही."

भाऊसोंनी चष्मा काढला. निकोप असल्याचं वाईट वाटून घ्यायचं नसतं, हे त्यांना कळत होतं. पण माणूस पोरीसाठी अंगावरचं बनियन वर करतो, गुदगुल्या सोसतो, आणि 'विशेष काही नाही' असा शेरा मिळतो. खात्यात चुकलेल्या टिपणीवरसुद्धा यापेक्षा मोठा शेरा असतो.

"आणि चरबीमुळं आत काही लागतही नाही नीट," क्रांतीनं भर घातली.

प्रकरण इथंच मिटायचं. पण बाहेरच्या खोलीची खिडकी उघडी होती, आणि खिडकीबाहेर आकाराम होता.

आकाराम म्हणजे शेजारी. कबनूरला यंत्रमागावर तीस वर्षं काढून आता घरी बसलेला. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळं हळू बोलणं त्याला जमत नसे. त्यानं खिडकीतून काय बघितलं? भाऊसो उताणा, डॉक्टर पोरगी पोटावर हात ठेवून गंभीर, आणि बायको मान खाली घालून बसलेली. दुपारी दोनपर्यंत गल्लीत बातमी झाली की भाऊसोंच्या पोटात काहीतरी निघालंय आणि पोरीनं घरातच निदान केलंय.

संध्याकाळपासून माणसं यायला लागली. कुणी नारळ आणला, कुणी सफरचंदं. भाऊसो दारात उभं राहून सांगत, "मला काय बी झालेलं न्हाय." त्यावर येणारा प्रत्येक जण शालनबाईंकडे बघून मान हलवी, की बघा, माणूस किती धीराचा. ओवा चावा, हिंग बेंबीत भरा, एरंडेल घ्या, एरंडेल अजिबात घेऊ नका, असे सल्ले आले. आकारामची बायको झुंबरबाई अंगानं काटकुळी, बोलायला फटकळ, पण चटकन दम लागणारी. ती दारातनंच म्हणाली, "मी वाडीच्या दत्ताला बोलून ठिवलंय. बरं वाटलं की नरसोबाच्या वाडीला पेढं वाटायचं."

"झुंबरबाई, आमी बौद्ध हाय."

"मी कुठं तुमास्नी जावा म्हंतोय? नवस माझा हाय, मी जातो. तुमी निस्तं बरं व्हा."

भाऊसोंनी तिला बसायला पाट दिला.

सोमवारी पिराजी आला. पिराजी तालमीतला मालिशवाला. पैलवानांचे निखळलेले खांदे बसवण्यात त्याची साठी उलटली होती. त्याला आकारामनं धाडलं होतं. पिराजीचं मत पडलं की नाळ सरकलीय. भाऊसो नको म्हणत होते, पण शंभर किलोची माणसं उचलून पालथी घालणाऱ्या हातांना नको हा शब्द ऐकायची सवय नसते. त्यानं भाऊसोंना सतरंजीवर निजवलं, बेंबीवर अंगठा ठेवला, आणि आपलं सगळं वजन त्या अंगठ्याच्या हवाली केलं. भाऊसोंच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांच्या स्वतःच्याही ओळखीचा नव्हता.

"बसली," पिराजी म्हणाला.

तोवर भाऊसोंचं पोट दुखत नव्हतं. त्यानंतर दोन दिवस दुखलं.

आणि याच सुमाराला त्यांनी आयुष्यातली एक मोठी चूक केली. क्रांतीला बुधवारी दुपारी वेळ होता, म्हणून त्यांनी कार्यालयात अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला, आणि कारण खरं लिहिलं. 'पोट तपासणीकरिता.' अधीक्षक साहेबांनी अर्जावर शेरा मारला, रुजू होताना वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे. भाऊसो सरकारी दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर म्हणाले, तुम्हाला आजारच नाही तर आजाराचं प्रमाणपत्र कसं देऊ. भाऊसो म्हणाले, बरं, मग तंदुरुस्तीचं द्या. डॉक्टर म्हणाले, तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आजारातून उठलेल्या माणसाला मिळतं. तुम्ही आजारी कधी होता? भाऊसोंनी सव्वीस वर्षं लोकांना अशीच उत्तरं दिली होती. खिडकीच्या अलीकडून ती किती वेगळी ऐकू येतात हे त्यांना त्या दिवशी कळलं. शेवटी पिराजीच्या अंगठ्याचा काळानिळा वण त्यांच्या कामी आला. डॉक्टरांनी तो बघून 'पोटास मुका मार' असं लिहून दिलं, आणि कार्यालयात कांबळे कुणाशी मारामारी करून आले, याची चर्चा आठवडाभर चालली.

इकडे क्रांतीच्या वहीत मात्र एकाच पोटाची एन.ए.डी. चौथ्यांदा लिहिली गेली होती. एकाच पोटावर सराव म्हणजे एकच धडा पाठ करणं, असं शालनबाईंचं मत पडलं. पुढच्या रविवारी समाचाराला आलेले चारपाच जण बाहेरच्या खोलीत बसले होते तेव्हा भाऊसो उभे राहिले. "आलायसा तर एकेक जण दिवाणावर पडा," ते म्हणाले. "माझ्या पोटाची काळजी हाय न्हवं तुमास्नी, मग तुमचं पोट पोरीच्या कामाला येऊ द्या."

लोक आधी लाजले. पण फुकट तपासणी म्हटल्यावर कोल्हापूरकर फार काळ लाजत नाही. भाऊसोंनी कोरी वही घेतली, रकाने आखले, अनुक्रमांक, नाव, वय, शेवटचं कधी खाल्लं. बायकांसाठी आतली खोली आणि सोबत शालनबाई, अशी व्यवस्था ठरली. शालनबाईंनी गरम पाण्याचा तांब्या क्रांतीच्या शेजारी ठेवला. प्रत्येक पोटाआधी ती तांब्या दोन्ही हातांत धरायची. आधी नुसतं बघायचं, मग हात ठेवायचा, आणि हाताकडे न बघता माणसाच्या तोंडाकडे बघायचं. पांथरीसाठी उजव्या जांघेजवळून सुरुवात करायची आणि तिरकं वर डाव्या बरगडीकडे जायचं, दर श्वासाला बोटभर. आता ती वेशीबाहेरून गावाकडे चालायला शिकत होती. कडक पोटं, ढेरपोटी पोटं, बाळंतपणांनी सैल पडलेली पोटं, आणि एक पोट असं, की ज्याच्या मालकानं तपासणीआधी चार वडापाव खाल्ले होते. दसऱ्यापर्यंत वहीत एकशे बारा नावं झाली. पोरगी जेवायला लागली होती.

झुंबरबाई मात्र आली नव्हती. दर रविवारी येऊन उंबऱ्यावर बसायची, आत जाणाऱ्या प्रत्येकीला सूचना द्यायची, आणि स्वतःची पाळी आली की उठून जायची. "माझं काय बघतीस गं, हाडं हायत निस्ती."

दसऱ्यानंतरच्या रविवारी शालनबाईंनी तिला दंडाला धरून आत नेलं. भाऊसो बाहेर वही घेऊन बसले होते. आतून नेहमीसारखा क्रांतीचा आवाज आला, "श्वास घ्या मावशी. सोडा. पुन्हा घ्या." मग आवाज थांबला. मग पुन्हा पहिल्यापासून, "श्वास घ्या." तीनदा झालं. भाऊसोंचं पेन रकान्यात तसंच राहिलं. शंभरावर माणसं तपासताना पोरगी अशी कधी थांबली नव्हती.

क्रांती बाहेर आली, भाऊसोंशेजारी बसलेल्या आकारामसमोर उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज पक्का होता.

"काका, मावशींची पांथरी वाढलीय. चार बोटं लागते. डोळे पिवळे आहेत, रक्तही कमी दिसतंय. दवाखान्यात न्यावं लागेल."

"ती जल्माचीच पिवळी हाय," आकाराम म्हणाला. "मधनंआधनं कावीळ हुती, झाडपाल्याचं औषध घेतलं की उतारती. आमच्या सासऱ्यालाबी असंच हुतं."

"म्हणूनच म्हणते. हे बापाकडून लेकीला येतं."

आकारामनं मान फिरवली. बायको आजारी आहे हे ऐकून घाबरलेला माणूस बऱ्याचदा रागावल्यासारखा बोलतो. "पांथरी न्हाय कळली म्हणूनच नापास झालीस न्हवं तू? आता तुज्या सांगण्यावरनं मी दवाखान्याच्या पायऱ्या झिजवू?"

भाऊसोंच्या कानशिलात रक्त तापलं. स्वतःच्या अपमानाची त्यांना सवय होती, त्यासाठी खातं पगार देत होतं. पण हा घाव वेगळ्या जागी बसला. ते वही ठेवून उठले. काय बोलणार होते ते त्यांनाही माहीत नव्हतं, आणि बोलावं लागलंच नाही. झुंबरबाई पदर सावरत दारात आली होती.

"पोरीचा हात खरा हाय," ती म्हणाली. "तिनं बोट ठिवलं तिथंच मला दडापतंय. बारा वरसं झाली. दोन घास खाल्लं की पोट भरतंय. सांगून काय हुणार म्हणून सांगितलं न्हाय." मग नवऱ्याकडे बघून, "उद्या नेतायसा का मी एकटी जाऊ?"

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई, आकाराम आणि भाऊसो अशी तिघं क्रांतीच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेली. भाऊसोंनी रजेच्या अर्जात या वेळी 'घरगुती कारण' एवढंच लिहिलं. केसपेपरच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, आज तपासणीचा वार नाही. दुसऱ्या खिडकीवर म्हणाले, पहिल्या खिडकीचा शिक्का आणा. आकाराम हताश होऊन बाकावर बसला. भाऊसो मात्र खिडकीशी टेकले आणि त्यांनी कारकुनाला नम्रपणे विचारलं, 'वार नाही' हे आपण केसपेपरवर लिहून सही करून द्याल का. आपल्या सहीचं भय कारकुनाला किती असतं हे कारकुनालाच ठाऊक. दहा मिनिटांत केसपेपर निघाला.

क्रांतीच्या विभागातल्या सरांनी झुंबरबाईंना तपासलं. बराच वेळ तपासलं. मग त्यांनी मागं वळून विचारलं, "हे कुणी शोधलं?" क्रांतीनं हात वर केला, शाळेतल्या पोरीसारखा. सर तिलाच म्हणाले, "इकडं ये, बाकीच्यांना कड कुठाय ती दाखव." सहा पोरं रांगेनं उभी राहिली. झुंबरबाईंनी पहिल्याच पोराचा हात झटकला. "आदी गरम पाण्यात घाल हात. क्रांती घालती."

रक्ताच्या तपासण्या झाल्या. सरांनी समजावून सांगितलं की रक्तातल्या पेशी चपट्या असाव्या लागतात, यांच्या जन्मापासून गोल आहेत, आणि पांथरी त्या अडवून मोडून टाकते. म्हणून रक्त कमी, म्हणून पिवळेपणा. पांथरी काढली की पेशी वाचतील. भाऊसोंना हे ताबडतोब समजलं. जरा वेगळ्या आकाराची फाईल आली की पुढं न पाठवता फाडून टाकणारा कारकून त्यांच्याही खात्यात होता, आणि त्याची बदली झाल्यावर खातं सुधारलं होतं. त्यांनी आकारामला तसंच सांगितलं. आकारामनं ऑपरेशनला होकार दिला.

ऑपरेशनआधी काही लसी द्यायच्या होत्या, त्यामुळं ते जानेवारीत ठरलं. आणि परीक्षा होती डिसेंबरात. परीक्षेला पेशंट लागतात, आणि इतकी स्वच्छ लागणारी पांथरी कॉलेजला रोज सापडत नाही. सरांनी झुंबरबाईंना विचारलं, परीक्षेला पेशंट म्हणून याल का. ती आनंदानं तयार झाली. "एका दिसात दहा डॉक्टर बघणार म्हंजे काय कमी हाय का," असं ती गल्लीभर सांगत सुटली.

भाऊसोंची झोप उडाली. क्रांतीच्या वाट्याला झुंबरबाईच आली तर? ती तर त्या पोटाची पानं पाठ असल्यासारखी वाचेल. मग ती सुटेल, आणि सुटणं खोटं असेल. नाही आली तर नाही आली. पण आली तर? क्रांतीला दुसरा पेशंट मिळावा म्हणून त्यांनी प्राचार्यांच्या नावे अर्जाचा कच्चा मसुदा केला, विषय, संदर्भ, सगळं. क्रांतीनं तो वाचला आणि घडी करून त्यांच्याच खिशात घातला. "आण्णा, अर्ज करू नका. माझं मी बघते."

परीक्षेच्या दिवशी भाऊसो कॉलेजच्या पोर्चबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिले. आकारामही शेजारी बसला होता. दोघांमध्ये शेंगदाण्याची पुडी होती आणि ती कुणी उघडत नव्हतं. तीनच्या सुमाराला झुंबरबाई बाहेर आली, ती रागानं धुमसत, धापा टाकत.

"तुमची पोरगी येडी हाय," ती भाऊसोंना म्हणाली. "माझ्याच पलंगापाशी आली. मी मनात म्हटलं, चला, सुटली. तर ती त्या मोठ्या सायबाला म्हणती, सर, मी ह्यांना ओळखते, ह्यांची पांथरी मीच शोधलीय, मला दुसरा पेशंट द्या. काय गं, माझं पोट नगं झालं व्हय तुला?"

"मग?"

"मग काय, सायेब तिच्या तोंडाकडं बघत ऱ्हायला. मग पलीकडच्या पलंगावर धाडली. पाणी भरल्यागत पोट हुतं त्या माणसाचं, माठावाणी. त्याला ह्या कुशीवर वळीव, त्या कुशीवर वळीव, बोटानं टकटक वाजीव. लई येळ चाललं हुतं. फुडचं मला दिसलं न्हाय, मधी पडदा वढला."

आपण लिहिलेल्या अर्जाला मंजुरी मिळाली की कसं वाटतं हे भाऊसोंना माहीत होतं. न दिलेल्या अर्जाला मिळाली की कसं वाटतं हे पहिल्यांदाच कळत होतं. पण हळहळही वाटत होती. पांथरीवर इतके रविवार घालवले, आणि पोरीनं ती हातानं बाजूला सारली. आकारामनं पुडी उघडली आणि शेंगदाणे त्यांच्या तळहातावर ओतले. "भाऊसो," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज हळू निघाला, "मी त्या दिशी बोललो ते बोलाय नगं हुतं."

"खावा," भाऊसो म्हणाले.

क्रांती साडेपाचला बाहेर आली. कसं झालं विचारल्यावर म्हणाली, पाणी सापडलं, यकृत सापडलं, पांथरी नव्हती आणि नाही असंच सांगितलं. परीक्षकांनी दोनदा विचारलं, नक्की नाही? ती म्हणाली, नक्की नाही. मग रिक्षात आईनं दिलेल्या भाकरीचे तीन तुकडे तिनं संपवले.

निकाल जानेवारीत लागला. ती सुटली. फार वरच्या नंबरानं नाही, पण सुटली. त्याच आठवड्यात झुंबरबाईंचं ऑपरेशन झालं. दहाव्या दिवशी ती घरी आली. पंधरवड्यानं डोळ्यांतला पिवळेपणा गेला, तर आरशात बघून तिनं आकारामला विचारलं, डोळं असं पांढरं का दिसत्यात, काय झालंय मला? महिनाभरानं ती दोन भाकरी खायला लागली.

आणि मार्चमध्ये एका सकाळी, नळाला पाणी आलेलं असताना, गल्लीच्या टोकाकडून भांडणाचा आवाज आला. खणखणीत आवाज होता. कुणीतरी रांग मोडून घागर पुढं सरकवली होती, आणि त्या घागरीच्या मालकिणीच्या सात पिढ्यांची हजेरी एका दमात घेतली जात होती. भाऊसो दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून दारात आले. आवाज झुंबरबाईंचा होता. इतकी वर्षं ती जरा भांडली की दम लागला म्हणून खाली बसायची; आज पंधरा मिनिटं झाली तरी उभी होती, आणि तिच्या कमरेवर भरलेली घागर होती.

आकाराम कानावर हात ठेवून लगबगीनं आला. क्रांती इंटर्नशिपला निघाली होती, चपला घालत होती.

"डॉक्टरीणबाई," आकाराम म्हणाला, "हिचा आवाज जरा कमी करायचं काय औषध हाय का?"

"नाही काका," क्रांती म्हणाली. "हे असंच राहणार."

आकारामनं मान डोलावली, आणि भाऊसोंच्या शेजारी उंबऱ्यावर बसून तो ते भांडण ऐकायला लागला. दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.